आधी रिकामा हात, मग बाहुली: तोंड हलवणारी पहिली बाहुली घडवताना

बाहुल्यांचं वेड तेरा-चौदाव्या वर्षी लागलं की पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळे एकच करतात. फोम आणतात, कापड आणतात, डोळे शोधतात आणि थेट डोकं कापायला बसतात. पंधरा दिवसांनी एक देखणी बाहुली तयार होते आणि ती हातात घातली की मेल्यासारखी लटकते. तोंड जेमतेम उघडतं, नजर छताकडे. मग वाटतं, आपल्याला काही हे जमणारं नाही. मुलांसोबत बाहुल्या बनवताना हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता पहिले आठ दिवस मी कुणाच्या हातात कात्रीच देत नाही.

बाहुली जिवंत होते ती नजर, श्वास आणि वजन या तीन गोष्टींनी. तिन्ही हातातून येतात, कापडातून नाही. जपानच्या बुनराकू परंपरेत एक बाहुली तिघे मिळून चालवतात: एक डोकं आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. शिकणाऱ्याला सुरुवात पायांपासून करावी लागते, आणि पूर्वापार सांगतात की पायांना दहा वर्षं आणि डाव्या हाताला आणखी दहा वर्षं द्यावी, तेव्हा कुठे डोकं हातात येतं. तुला वीस वर्षं थांबायला मी सांगत नाही. फक्त आठ दिवस.

पहिले आठ दिवस: नुसता हात

हाताची चोच कर. चार बोटं एकत्र म्हणजे वरचा जबडा, अंगठा म्हणजे खालचा. कोपर वाकवून हात चेहऱ्याच्या उंचीवर धर आणि आरशासमोर उभं राहा.

आता ‘आ’ म्हण आणि चोच उघड. बहुतेकांची चार बोटं वर उडतात आणि अंगठा जागच्या जागी राहतो. पण माणूस बोलताना त्याचं कपाळ मागे पडत नाही, हनुवटी खाली येते. तेव्हा बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा. हे ऐकायला सोपं आहे, पण हाताला पटायला दोन-तीन दिवस लागतात. बोटं फारच उडत असतील तर दुसऱ्या हाताचा तळवा त्यांच्यावर हलकेच ठेव आणि फक्त अंगठ्याने बोल.

पुढची पायरी आकड्यांची. एक ते दहा मोठ्याने म्हण आणि प्रत्येक उच्चाराला तोंड उघड. ‘एक’ला एकदा, ‘दोन’ला एकदा, पण ‘सहा’, ‘नऊ’ आणि ‘दहा’ला दोनदा. दहापर्यंत तेरा वेळा तोंड उघडलं पाहिजे. नवखा हात इथे दोन चुका करतो. एक तर शब्द संपल्यावर तोंड उघडतो, किंवा लिहिलेलं प्रत्येक अक्षर मोजतो. ‘काय करतोस’मध्ये लिहिताना सहा अक्षरं आहेत, बोलताना मात्र तोंड तीनदाच उघडतं: काय, कर, तोस. बाहुली कानाने बोलते, पाटीवरच्या अक्षरांनी नाही. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, तिथे चोचही मिटली पाहिजे. ‘आंबा’ म्हणताना मधे ती मिटली नाही, तर पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते कळत नाही, पण काहीतरी चुकलं हे लगेच कळतं. ‘आ’ला तोंड मोठं, ‘ई’ आणि ‘ऊ’ला अर्धंच. प्रत्येक उच्चाराला पूर्ण जबडा उघडला तर बाहुली बोलत नाही, चावते.

नजर सगळ्यात अवघड. हात वर केला की मनगट सरळ राहतं आणि चोच तिरपी आकाशाकडे जाते. म्हणून मनगट सतत पुढे वाकवून ठेवावं लागतं. खोलीतल्या तीन वस्तू ठरव, दाराची कडी, खिडकी, आणि आरशातले तुझे स्वतःचे डोळे, आणि हाताला एकेकीकडे ‘बघायला’ लाव. समोर कुणीतरी बसवून विचार, ‘आता हा कुठे बघतोय?’ उत्तर बरोबर आलं की पुढे जा.

रोज दहा मिनिटं पुरेत. खांदा दुखायला लागला की थांब. हात वर धरून राहण्याची ताकद हळूहळू येते, रेटून येत नाही.

मोजा: एका संध्याकाळची बाहुली

फोमच्या आधी एक मोजा वाया घालव. लांब, जाडसर मोजा घे. जाड पुठ्ठ्याचा साधारण १४ सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद असा लंबगोल काप आणि मधोमध घडी घाल. हे झालं तोंड. मोज्याच्या बोटांकडच्या टोकाला शिवणीवरून आडवा छेद दे, त्यात घडी घातलेला लंबगोल बसव आणि मोज्याची कड पुठ्ठ्यावर आत दुमडून चिकटव. आतून लाल किंवा काळ्या कापडाचा तसाच लंबगोल लाव. दोन बटणं डोळ्यांच्या जागी ठेव, पण अजून शिवू नकोस.

डोळे आधी टाचणीने अडकव. जवळ लाव, लांब लाव, वर सरकव, खाली आण. प्रत्येक वेळी बाहुलीचा स्वभाव बदलतो. तोंडाच्या अगदी जवळचे डोळे निरागस वाटतात, खूप वरचे जरा बावरलेले. हा खेळ अर्धा तास तरी कर. पुढे डोक्याचा आकार कितीही बदलला तरी स्वभाव इथेच ठरणार आहे.

या मोज्याला आठवडाभर सोबत ठेव. त्याला नाव दे, आवाज शोध, त्याला काय आवडत नाही ते ठरव. मी पहिल्यांदा बाहुली बनवली तेव्हा हा टप्पा गाळला होता. बाहुली तयार झाल्यावर तिला काय बोलायला लावायचं तेच मला सुचेना.

फोमचं डोकं

इथे सावकाश जाऊ, कारण खरी मजा इथेच आहे.

फोम साधारण १२ मिमी जाडीचा हवा. मुठीत दाबून सोडल्यावर लगेच मूळ आकारात येणारा चांगला. कापायला नवी, धारदार पात असलेली कटर सुरी घे. बोथट पात फोम कापत नाही, ओरबाडते. पात नेहमी पृष्ठभागाला काटकोनात धर आणि बोटं कापण्याच्या रेषेच्या मागे ठेव. सुरी हातात घेण्याची ही पहिलीच वेळ असेल, तर शेजारी कुणीतरी मोठं माणूस बसलेलं असू दे.

साचा आधी जाड कागदावर काढ. ५४ सेंमी लांब आणि २४ सेंमी उंच आयत. वरच्या कडेपासून १३.५ सेंमी खाली एक आडवी रेघ मार. त्या रेघेवर प्रत्येकी ९ सेंमीचे सहा भाग पाड. प्रत्येक भागातून वर टोकदार होत जाणारी एक पाकळी निघेल. पाकळीच्या कडा सरळ काढल्या तर डोकं तंबूसारखं टोकदार होतं. कडा बाहेर फुगीर हव्यात. १३.५ सेंमीच्या निम्म्या उंचीवर पाकळीची रुंदी साडेचार नव्हे, तर सुमारे ६.४ सेंमी ठेव, म्हणजे घुमट गोल येईल. गोळ्याच्या परिघाचा चौथा भाग म्हणजे त्याच्या कमरेपासून माथ्यापर्यंतचं अंतर. ५४ला चारने भाग, १३.५ मिळतात. पाकळीची उंची तिथून आली. मोठं डोकं हवं असेल तेव्हा परिघ बदल आणि हेच गणित पुन्हा मांड.

साचा फोमवर ठेवून पेनाने आखून घे आणि काप. आता चिकटवणं. फोमला कॉन्टॅक्ट अ‍ॅधेसिव्ह उत्तम, कारण सुकल्यावर ते लवचीक राहतं. दोन्ही कडांना पातळ थर लाव, पाच ते दहा मिनिटं थांब, बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतकं सुकू दे आणि मग कडा जुळवून दाब. लगेच जोडलं तर कडा निसटतात. एकदा चिकटलं की सुटत नाही, म्हणून टोकाकडून थोडं-थोडं जोडत जा. बहुतेक अशा गोंदांची वाफ उग्र आणि ज्वालाग्राही असते. खिडक्या उघड्या ठेव, जवळपास ज्योत नको, आणि डोकं जड वाटलं की लगेच बाहेर मोकळ्या हवेत जा. पाण्यावर आधारित प्रकार मिळाला तर तोच घे. ग्लू गनचा गोंद पटकन धरतो, पण शिवणीवर कडक कणा तयार होतो आणि तो कापडातून दिसतो. घाईच्या वेळीच तो वापरावा.

सहा पाकळ्या माथ्यावर जुळल्या आणि आयताच्या दोन बाजू मागे जोडल्या, की हातात घुमट असलेली नळी येईल. काही मुलांचा चेहरा या क्षणी जो होतो तो पाहण्यासाठी मी हे काम करते.

आता तोंड. नळीच्या खालच्या कडेपासून ६ सेंमी वर, पुढच्या बाजूला आडवा छेद दे. छेदाची लांबी परिघाच्या निम्मी, म्हणजे २७ सेंमी. मागच्या बाजूला खालून एक उथळ खाच काप, म्हणजे मनगट पुढे वाकवायला जागा मिळेल.

तोंडाची पट्टी: बाहुलीचं हृदय

बाहुली बिघडली तर दहापैकी आठ वेळा दोष इथे असतो, असा माझा अनुभव आहे. पट्टी फार मऊ असेल तर जबडा चुरगळतो, फार जड असेल तर हात दमतो.

जाड पुठ्ठ्याचे किंवा पातळ प्लॅस्टिकच्या शीटचे दोन सारखे तुकडे काप. प्रत्येकाची एक बाजू सरळ, १६ सेंमी. ही बिजागरी. तिथून पुढे ९ सेंमीपर्यंत गोलाई. या गोलाईची लांबी जवळपास साडेसव्वीस सेंमी भरते, म्हणून ती २७ सेंमीच्या छेदात नीट बसते. हाताची चोच पट्टीवर ठेवून बघ. बोटांची टोकं कडेच्या किंचित आत असावीत आणि अंगठ्याचं बेचकं बिजागरीपाशी यावं. हात लहान असेल तर गोलाई कमी कर आणि छेदही तितकाच छोटा घे.

दोन तुकडे मजबूत कापडी टेपने जोड, पण मधे ३-४ मिमी फट सोडून. फट नसेल तर तोंड पूर्ण मिटत नाही, आणि अर्धवट उघड्या तोंडाची बाहुली कायम आश्चर्यचकित दिसते. मागच्या बाजूला, म्हणजे हात येतो तिथे, वरच्या तुकड्यावर चार बोटांसाठी एक घट्ट कापडी खिसा आणि खालच्यावर अंगठ्यासाठी एक पट्टा चिकटव. खिसा ढिला ठेवू नकोस, नाहीतर बोटं सरकतात आणि जबडा अर्ध्या क्षणाने मागे पडतो.

पट्टी छेदात बसवून कडेकडेने फोमला चिकटव. आधी दोन्ही कोपरे, मग मधला भाग, मग उरलेलं. गोंद पूर्ण सुकल्यावर हात घाल आणि दहापर्यंत आकडे म्हण. पहिल्या आठवड्याची कमाई आता दिसेल.

कातडी आणि टाके

कापड फ्लीस घे, म्हणजे मऊ, लव असलेलं, ताणलं जाणारं कापड. ते एका दिशेने जास्त ताणलं जातं. ताण डोक्याभोवती आडवा यायला हवा, उभा नव्हे. साचा तोच, फक्त शिवणीसाठी चहूबाजूंनी १ सेंमी वाढव. फोमची बाहेरची बाजू थोडी मोठी असली तरी फ्लीस ताणून बसतं.

पाकळ्या आतून उलट्या टिपेने शिव. साधा धावदोरा चालणार नाही, ताणलं की त्यातून फट दिसते. मागची शेवटची शिवण मात्र बाहेरून करायची आहे. तिथे शिडीसारखा टाका घाल: सुई एका कडेच्या घडीत ५ मिमी पुढे, मग समोरच्या कडेच्या घडीत ५ मिमी पुढे. पाच-सहा टाक्यांनंतर दोरा हलकेच ओढला की दोन्ही कडा मिटतात आणि दोरा गायब होतो. मग सुईच्या टोकाने शिवणीवरची लव उचकटून वर काढ. चांगल्या फ्लीसवर दोन पावलांवरून शिवण दिसतच नाही.

तोंडापाशी कापडाला छेद दे, कड आत दुमडून पट्टीवर चिकटव आणि मग त्यावर काळ्या किंवा गडद लाल फेल्टचं (दाबून केलेल्या, नमद्यासारख्या कापडाचं) अस्तर लाव. क्रम महत्त्वाचा आहे. अस्तर आधी लावलं तर कापडाची कड तोंडात लोंबते. जीभ लावायची तर अस्तरासोबतच, बिजागरीच्या थोडी पुढे.

डोळे

१९५५ साली अठरा वर्षांच्या जिम हेन्सन या अमेरिकन बाहुलीकाराने आईच्या जुन्या कोटाचं हिरवं कापड आणि टेबल टेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे भाग घेऊन एक बाहुला बनवला. पुढे कर्मिट बेडूक म्हणून जगभर ओळखला गेलेला तो हाच. हे मी महागडं साहित्य मिळाल्याशिवाय सुरुवात न करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. प्लॅस्टिकच्या चमच्याचा खोलगट भाग, छोट्या चेंडूचे अर्धे, मोठी बटणं, काहीही चालतं.

बुबुळ मात्र जपून. काळ्या फेल्टचं ८ ते १० मिमीचं वर्तुळ डोळ्याच्या अगदी मध्यभागी लावलं तर दोन्ही डोळे दोन दिशांना शून्यात बघतात. बुबुळं किंचित आत, नाकाकडे सरकव. मग दोन्ही नजरा समोर एका जागी मिळतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, ही माझ्याकडेच बघते आहे. आधी चिकटमातीने तात्पुरती लाव, बाहुली दोन मीटर लांब धरून फोटो काढ, सरकव, पुन्हा काढ. पटलं की मगच गोंद. वरून फ्लीसची अर्धवर्तुळाकार पापणी लावली तर आणखी फरक पडतो. डोळ्याचा पाव भाग झाकला की बाहुली निवांत दिसते, निम्मा झाकला की पेंगुळलेली.

धड आणि हात

इथे फार वेळ घालवू नकोस. कोपरापर्यंत पोचणारी कापडी नळी आणि वर जुना छोटा सदरा पुरेसा. हातांसाठी फ्लीसच्या दोन नळ्या, पंजात कापूस, पण कोपराच्या जागी भरण नको, म्हणजे तो वाकेल. हात हलवायला ३५-४० सेंमीची कडक तार लागते. जुन्या छत्रीच्या काड्या त्यासाठी फार चांगल्या. एका टोकाला कडी करून ती पंजात शिव, दुसरं टोक वाकवून त्यावर टेप गुंडाळ. उघडं टोक ठेवू नकोस, ते डोळ्यांच्या उंचीवर फिरत असतं. तारेला चमक नसलेला काळा रंग दे.

ज्या हाताने लिहितोस किंवा लिहितेस, त्या हातात डोकं. दुसऱ्या हातात आधी एकच तार. दोन्ही तारा एका मुठीत धरणं नंतर जमेल.

आता तिला चालव

पडदा म्हणून दोरीवर एक चादर पुरते, तुझ्या डोक्यापेक्षा एक वीत उंच. बाहुलीला जमीन असते, फक्त ती दिसत नाही. कमरेपासून वरचा भाग दिसेल अशी एक उंची ठरव आणि तीच धरून ठेव. हात दमला की बाहुली हळूहळू बुडू लागते आणि प्रेक्षकांना वाटतं ती दलदलीत उभी आहे. आत यायचं तर जिना चढल्यासारखं, प्रत्येक पावलाला थोडं वर. एकदम उगवायचं नाही.

काही बोलत नसताना तिने काय करायचं? ऐकायचं. दुसऱ्याकडे बघायचं, मान किंचित कलती करायची, श्वास घ्यायचा. श्वास म्हणजे मनगटाची जेमतेम एक सेंमी वर-खाली हालचाल. सतत हलणारी बाहुली थकवते. स्थिर राहून एकदाच मान वळवणारी बाहुली सगळी खोली स्वतःकडे खेचते.

आवाजासाठी गळा पिळू नकोस. खूप बारीक किंवा खरखरीत आवाज दहा मिनिटांत घसा बसवतो, आणि ज्यांचा आवाज सध्या फुटतो आहे त्यांनी तर हे टाळावंच. वेग बदल, विराम बदल, जबडा थोडा पुढे काढून बोलून बघ. बदलत्या आवाजाचीच एक बाहुली करायला काय हरकत आहे? मी अशी एक पाहिली आहे, प्रत्येक वाक्यात तिचा आवाज घसरायचा आणि ती स्वतःच दचकायची. तिच्यावर सगळ्यात जास्त माया जडली होती.

रेकॉर्डिंग करताना फोन बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेव. स्क्रीनवर बघून चालवताना एक अडचण येईल: सेल्फी कॅमेरा बहुधा आरशासारखं दाखवतो, पण मागच्या कॅमेऱ्याचं चित्र तसं नसतं, त्यामुळे डावीकडे न्यायची बाहुली उजवीकडे जाते. पडद्यासाठी काम करणारे बाहुलीकार आरशासारखं न उलटलेलं चित्र बघूनच हात चालवायला शिकतात. तूही सुरुवातीपासून तीच सवय लाव.

पहिला प्रयोग दोन मिनिटांचा असू दे. एक बाहुली, एक वस्तू, एक इच्छा. तिला पेटी उघडायची आहे आणि पेटी उघडत नाही, एवढं खूप झालं. तारीख ठरवायची असेल तर २१ मार्च हा जागतिक बाहुलीनाट्य दिन आहे. बाहुलीकारांची आंतरराष्ट्रीय संघटना युनिमा १९२९ पासून, प्राग शहरात स्थापन झाल्यापासून, काम करते आहे. म्हणजे या वेडात तू एकटा किंवा एकटी नाहीस.

घरातल्या मोठ्यांसाठी दोन शब्द

चौदाव्या वर्षी बाहुल्या? हा प्रश्न तोंडावर येण्याआधी मुलाने काढलेला साचा एकदा हातात घेऊन बघा. त्यात भूमिती आहे, शिवण आहे, उच्चारशास्त्र आहे आणि तासन्‌तास एका जागी बसण्याची तयारी आहे. या वयात अनेक मुलं स्वतःच्या तोंडाने जे बोलू शकत नाहीत ते बाहुली बोलून जाते. ते ऐकू आलं तर बाहुलीलाच उत्तर द्या, मुलाकडे वळून चौकशी सुरू करू नका.

बाहुली जपताना

फोम कालांतराने पिवळा पडतो आणि भुरभुरतो, उन्हात आणखी लवकर. बाहुली सावलीत, डोक्यात चुरगळलेला कागद भरून, टांगून ठेव. पेटीत दाबून ठेवलीस तर घुमटाला पडलेली घडी जाणार नाही. धुताना बुडवू नकोस, ओल्या कापडाने पुस. कागदाचा साचा मात्र फेकू नकोस. त्यावर तारीख घाल, कुठे काय चुकलं ते तिथेच लिही: ‘तोंड २ सेंमी वर हवं होतं’, ‘डोळे फार लांब’. दुसऱ्या बाहुलीची पहिली रेघ त्याच कागदावर मारायची आहे.